भिंतीतल्या वायरीवरचा नाग

भिंतीवर टकटक झाली की मी कणीक मळता मळता ओरडायची, "काय ओ काकू?"

पलीकडून आवाज यायचा, "मास्तरीणबाई, भिताडाला टेकून उभ्या न्हाईत ना?"

"न्हाई ओ."

"मग लागा कामाला."

रोज सकाळचं हे असं. माझ्या ओट्यामागची भिंत आमची आणि त्यांची एकच होती. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. माझे मिस्टर दिंद्रुडच्या शाळेवर मास्तर होते आणि गिरिजाकाकूंच्या घराच्या उजव्या अंगाच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. मी अंबाजोगाईची, बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे; पण काकूंच्या त्या टकटकीला कधी उलट उत्तर दिलं नाही. पहिल्या पहिल्यांदा हसायची. नंतर हसणं बंद झालं आणि मीसुद्धा त्या भिंतीपासून वीतभर लांब उभी राहून पोळ्या भाजायला लागले. भीती लागट असते बाई, सर्दीसारखी.

पण काकूंना भित्री म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांचे मालक, अप्पा, गेल्यावर किराणा-भुसाराचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. दुकानाच्या फळीवर एक दारुडा येऊन बरळायला लागला तर मापट्यानं त्याच्या डोक्यावर ठकठक करून म्हणाल्या, "ऊठ बे, गिऱ्हाइकाची जागा हाय ती." विंचू निघाला तर चिमट्यात धरून बाहेर. बाजारादिवशी सुटलेला बैल गल्लीत घुसला, आम्ही सगळ्या दारं लावून बसलो, आणि ह्या बाहेर उभं राहून त्याला हाड्‌ हाड्‌ करत होत्या. ही बाई भ्यायची फक्त लाईटीच्या बटणाला.

स्वयंपाकघराच्या दाराशी काळ्या रबरी चपलांचा एक जोड असायचा. लिंगायताचं घर, पूजा-सोवळ्याचं. कुणाची हिंमत नव्हती चपला घालून चुलीकडं जायची. पण मिक्सर लावायचा झाला की काकू त्या चपला पायात सरकवायच्या, शिवाचं नाव घ्यायच्या आणि बटण दाबायच्या. घरात त्यांना 'करंटाच्या चपला' म्हणत. मिक्सर थांबला की पिन उपसून समोरच्याला दाखवायच्या. "दिसतंय का? निघालीय." कुणीतरी "हो, दिसतंय" म्हणेपर्यंत पिन तशीच हातात धरून उभ्या. रिकाम्या पिनांच्या भोकांत त्यांनी कापसाचे बोळे कोंबले होते, करंट गळू नये म्हणून. इसाक वायरमन ते बोळे काढत म्हणाला, "काकू, करंट काय पाणी हाय का गळायला?"

"पाणी असतं तर दिसलं असतं," काकू म्हणाल्या, आणि तो गेल्यावर बोळे परत घातले.

ही भीती कुठून आली ते एकदा तूर निवडताना त्यांनी मला सांगितलं. सुपातून नजर वर न करता सांगितलं. तरुणपणी घरात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ शोभा, दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. अंगणात वाळवणाची तार बांधलेली होती, आणि तिच्यावरून न्हाणीच्या बल्बाची वायर गेलेली. वारा येऊन येऊन वायरीचं साल घासलं गेलेलं, कुणाच्या ध्यानात नाही. शोभानं धुतलेलं लुगडं तारेवर टाकलं आणि ती तिथंच चिकटली.

"मी पळत गेले ओ. आता धरणार तिला, तर सासऱ्यांनी मला कमरेत अशी लाथ घातली की मी जाऊन रांजणावर पडले. त्यायच्या लाथंनं मी वाचले, समदे तसंच म्हन्त्यात. पण ती माझ्याकडं बघत होती, मास्तरीणबाई. डोळ्यापुढं माणूस जात होतं आन मला हात न्हाई लावता आला."

त्या पुन्हा तूर पाखडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती तार तर रोज डोळ्यापुढं होती. दिसत होती तरी कळलं न्हाई. आपल्या घरात आता पुन्हा कुणाचं असं व्हायला नगं. एवढंच मागते मी म्हादेवाला. बाकी काय न्हाई मागत."

आणि खरंच, दुसरं काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

मल्लिकार्जुन, म्हणजे मल्लू, त्यांचा एकुलता एक. पोरगा चांगला, आईवर जीव टाकणारा, पण हौशी. त्या वेळी आमच्याकडं एकदम सगळंच यायला लागलं होतं. टॉवर आले, मोबाईल आले, दुकानात पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. मल्लूचं लग्न लातूरच्या सुनीताशी झालं, आणि सासुरवाडीत त्यानं भिंतीवर फोटोसारखा लटकवलेला चपटा टीव्ही बघितला. वायर कुठं दिसत नव्हती म्हणे. झालं! महिनाभर दुसरा विषय नाही. त्याला टीव्हीचं जेवढं कौतुक नव्हतं तेवढं त्या न दिसणाऱ्या वायरीचं होतं.

"आई, लोकायच्या घरात बघ कशा वायरी लोंबत्यात. आपल्याकडं काय सुदीक दिसणार न्हाई. टीव्ही नुस्ता भिताडावर!"

"दिसणार न्हाई म्हंजी कुठं जाणार?"

"भिताडात."

काकू तिथंच खाली बसल्या.

इसाक छिन्नी-हातोडा घेऊन आला त्या दिवशी काकूंनी दुकान बंद ठेवलं. मी दोन वर्षांत पहिल्यांदा ते दुकान बंद बघितलं. खुर्ची टाकून हॉलच्या भिंतीसमोर, म्हणजे माझ्या ओट्यामागच्याच भिंतीसमोर, बसल्या. इसाक जमिनीजवळच्या पिनाच्या बोर्डापासून वर भिंत खोदत, झिरी मारत चालला, विटांचा लाल भुगा सगळ्या घरात, माझ्या पिठाच्या डब्यावरसुद्धा. झिरीत त्यानं प्लास्टिकचा पाईप बसवला, पाईपातून वायरी ओढल्या. टीव्हीच्या मागं येईल असा एक बोर्ड केला. सिमेंट कालवलं तशा काकू उठल्या.

"थांब. बुजवायच्या आधी मला बघू दे."

मल्लू म्हणाला, "इसाक, बुजव बे लवकर, ही आता संध्याकाळपातुर बघत बसंल."

पण इसाक थांबला. काकू झिरीजवळ गेल्या, हात मागं बांधून, आणि खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या. कोपऱ्यापासून वितीनं माप घेतलं तेही हवेत, भिंतीला हात न लावता. मला वाटलं, माणसाला शेवटचं बघतात तसं बघतायत. पुढं दोन दिवसांत त्यावर लांबीचा लेप बसला, त्यावर नारिंगी रंग चढला, आणि भिंत अशी गुळगुळीत झाली की त्यात काही आहे हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. मल्लू येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "वळखा बरं, वायर कुठंय?" लोक टीव्हीभोवती वाकून वाकून बघायचे. काकू दारात उभ्या राहून घामेजायच्या.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळात आमच्याकडं लोडशेडिंग होतं. दिवसातून तासन्‌तास लाईट नाही. पण त्याचाही लोकांनी उपयोग करून घेतला होता. फ्यूज बांधायचाय, होल्डर बदलायचाय, भिंतीत खिळा ठोकायचाय, तर मेन स्विच कुणी पाडत नसे. लाईट जायची वाट बघायची. गेली की गल्लीभर ठोकाठोकी सुरू. माझे मिस्टर शिकले-सवरलेले, तेही म्हणायचे, "लाईट जाऊ दे, मग बघतो तुझी ट्यूब." लाईट नाही म्हणजे भीती नाही, हे आमच्या अंगात मुरलं होतं.

आणि मल्लूनं बसवला इन्व्हर्टर. लाईट नसतानाही सुनीताला मालिका बघता यावी म्हणून. त्याची वायर त्याच झिरीतल्या पाईपातून टीव्हीच्या बोर्डाला गेली होती. हे काकूंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजी लाईट गेली तरी हे भिताड जागंच?"

"टीव्हीपुरतंच गं आई."

"पण जागंच ना?"

त्या दिवसापासून माझ्या भिंतीवर टकटक सुरू झाली.

पाहुणा आला आणि टेकून बसायला लागला की काकू चहाचा कप नेमका समोरच्या भिंतीकडं नेऊन ठेवायच्या. कॅलेंडर लावू दिलं नाही. अप्पांचा फोटो त्या भिंतीवर शोभला असता, तो देवघराशेजारी गेला. एके दिवशी मल्लू दुकानातून जेवायला आला तर नारिंगी भिंतीवर खडूची रेघ, खालच्या पिनापासून वर टीव्हीपर्यंत. काकूंनी वायर जिथून गेलीय तिथून ओढलेली. मल्लूनं पुसली. दुसऱ्या दिवशी कुंकवाची. ती सुनीतानं पुसली, माहेरचे येणार होते म्हणून. मग गेरूची. मल्लूनं रंगाचा डबा काढून त्यावर हात मारला आणि चिडला.

"लोक काय म्हन्तील आई? वायर दिसू नये म्हणून येवढं केलं आन तू ती वरनं काढून दाखवती व्हय?"

"मग कळणार कसं रे? उद्या मी न्हाई राह्यले तर कोण सांगणार की हितं हाय म्हणून?"

"कुणाला कावून सांगायचंय? कोण खिळा ठोकणार हाय?"

"कुणीबी. माणसाला भिताड दिसलं की खिळा सुचतोय."

रेघ मात्र राहिली नाही ती नाहीच. आठ-दहा दिवसांत काकूंचं जेवण कमी झालं, डोळे आत गेले. मला म्हणाल्या, "झोप लागंना. डोळे मिटले की भिताडातनं कुणीतरी चालतंय असं वाटतंय." मी म्हटलं, देवाचं नाव घ्या. म्हणाल्या, "तेच करणार हाय."

मला काय माहीत त्या काय करणार होत्या!

पंचमी आली. आमच्याकडं पंचमी म्हणजे बायकांची दिवाळीच. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही, कुठं खिळा म्हणून ठोकायचा नाही, नागाला लागतं. सकाळी मी लाह्या-फुटाणे घेऊन काकूंकडं गेले आणि दारातच थबकले. त्या नारिंगी भिंतीवर नाग काढलेला होता. आणि केवढा! एरवी देवघराजवळ हाताएवढा काढतात. हा खाली जमिनीजवळच्या पिनापासून निघालेला. शेपटी पिनाच्या भोकाशी, मग वळण न घेता सरळ वर, अंगावर गेरूचे पट्टे आणि चुन्याचे ठिपके, आणि टीव्हीच्या वर फणा काढून उभा. टीव्ही त्याच्या छातीशी. काकू न्हाऊन, ओलेते केस बांधून पूजा करत होत्या. दुधाची वाटी मात्र लांब पाटावर ठेवलेली.

"भिताडाला दूध लावू नका कुणी," त्या म्हणाल्या. "आत जागा हाय त्यो."

सुनीता पोटुशी होती, तिनं वाकून नमस्कार केला. शेजारणींनी केला. मीही केला, आणि डोकं वर काढताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, हा नाग वायरीवर बसवलाय! जिथून वायर गेली तिथूनच नाग गेला. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर थोडं हसू दिसलं.

मल्लू आला, भिंत बघून हातातली पिशवी खाली ठेवली. "आई. टीव्हीच्या मागनं नाग निघालाय."

"निघू दे. आता पूस बरं."

पुसतोय कशाला! पूजलेला नाग पुसायला कुणाचा हात धजणार? गल्ली लोटली बघायला. काही जण तर म्हणाले, टीव्हीला नाग राखणीला बसवलाय, चोराची भीती नको. काकूंनी ते कुणाला खोडून सांगितलं नाही. नंतर माझ्या घरात येऊन ओट्यामागंही एक पिल्लू काढून गेल्या, बोटाएवढं. "पलीकडनं हितपतुर आलीय वायर," म्हणाल्या. संध्याकाळी मिस्टर विचारायला लागले, हे काय? म्हटलं, जेवा गपचिप.

श्रावण गेला, दसरा-दिवाळी गेली. त्या तीन-चार महिन्यांत काकू नीट जेवल्या, नीट झोपल्या. टकटक बंद झाली. मला उलट चुकल्यासारखं व्हायचं.

सुनीता लातूरला बाळंत झाली, मुलगी झाली. काकू नात बघायला लातूरला गेल्या, चार दिवस राहिल्या. परत आल्या तर भिंत कोरी. मल्लूनं बारशाआधी घर रंगवून घेतलं होतं. बारसं खरं तर माहेरी व्हायचं, पण नवा हॉल, नवा टीव्ही सासुरवाडीला दाखवायचा होता, म्हणून त्यानं हट्टानं दिंद्रुडला ठेवलं. "पंचमी कधीच झाली आई, नाग गेला आता," असं म्हणाला. काकूंनी माझ्याकडं येऊन ओट्यामागचं पिल्लू आहे का बघितलं. होतं. त्यांनी ते नुसतं बघितलं आणि गेल्या. पाठमोरी बाई एकदम म्हातारी दिसली मला.

बारशाच्या दुपारी ठरल्या वेळी लाईट गेली. हॉलमध्ये लातूरचा लोखंडी पाळणा मांडलेला, खाली फरशी नुकतीच पुसून रांगोळी काढलेली, फरशी अजून ओली. कडेनं सतरंज्यांवर बायका. सुनीताचा भाऊ प्रकाश मोठा उत्साही. पाळण्याला फुलांची कमान पाहिजे म्हणून त्यानं बांधायची तार आणली होती. तारेचं एक टोक पाळण्याच्या दांडीला गुंडाळलं. मग पायात बूट, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला, उंच लावलेल्या टीव्हीच्या खालच्या अंगाला नारिंगी भिंतीत खिळा ठोकला आणि दुसरं टोक त्याला बांधून टाकलं. तारेवर झेंडू ओवलेला. खाली उतरून टाळ्या वाजवल्या स्वतःच. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

काकू परसात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळत होत्या. हातोड्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार. पदराला हात पुसत आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर खिळ्यावर गेली. इतकं पांढरं फटक झालेलं माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

"कुणी ठोकला?"

"मी, मावशी," प्रकाश हसत म्हणाला. "लाईट न्हाई ओ, बिनघोर ऱ्हावा."

"काढ त्यो."

मल्लू पुढं आला, दबक्या आवाजात म्हणाला, "आई, पाहुणे बसलेत. आज तरी नगं."

"ते भिताड जागं हाय रे मल्लू."

"टीव्ही बंद हाय ना? टीव्ही बंद असल्यावर त्यात कुठला करंट?"

सुनीताची आई म्हणाली, "विहीणबाई, शुभ कामात असं भिऊ नये. या, बसा." बायका हसल्या. काकूंना पाहुण्यांपुढं जास्त बोलता येईना; मुलाकडच्या आईनं बारशात सुनेच्या भावाला बोलायचं म्हणजे जन्माचा बोभाटा. वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवायचा असतो आधी, तो ठेवला. एकीनं तर म्हटलंसुद्धा, "बघा काकू, वरवंट्याला काय झालं का?" पुन्हा हशा. दगडाला काय व्हायचंय! ठेवणारीचा हात कुंचीला लागला, लोखंडाला लागला नाही, आणि ती सतरंजीवर उभी होती. हे सगळं नंतर जुळवलं आम्ही. तेव्हा मीही हसले असेन किंवा नसेन, मला आठवत नाही.

वरवंटा काढला. सुनीता बाळाला घेऊन उठली. अनवाणी, ओल्या फरशीवर. एक हात बाळाखाली, दुसरा हात पाळण्याच्या दांडीकडं निघाला.

"थांब!"

काकू धावल्या. विधवा म्हणून त्या स्वतःहूनच मागं राहिल्या होत्या सकाळपासून, हळदीकुंकवाच्या ताटालाही हात लावला नव्हता. त्या सगळ्या सवाष्णींच्या मधून वाट काढत आल्या. "आदी माझा हात," म्हणाल्या, आणि सुनीताच्या पुढं होऊन दांडी धरली.

आवाज झाला नाही. ओरडल्याही नाहीत. नुसत्या ताठ झाल्या. मूठ दांडीवर आवळली, दात आवळले, सगळं अंग थरथरायला लागलं. कुणाला काही कळेना. मल्लू किंचाळत मेनकडं पळाला, मेन खाडकन्‌ खाली पाडला. काकू सुटेनात. मेन खाली आणि काकू अजून थरथरतायत! माझ्या आयुष्यात तेवढी भीती मला परत वाटली नाही. सुनीतानं बाळ एका हातावर घेतलं आणि दुसरा हात सासूकडं केला, धरायला. काकूंना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त डोळे मोठे केले तिच्याकडं बघून. नको. मी सुनीताचा पदर धरून जीव खाऊन मागं ओढला. तेवढ्यात काकू खाली कोसळल्या, पाळणा त्यांच्याबरोबर आडवा झाला, आणि खिळ्याची तार ठिणग्या टाकत तुटली. झेंडूची फुलं सगळ्या हॉलभर.

काकू वाचल्या. जीपमध्ये घालून माजलगावला नेलं, काही दिवसांनी घरी आणलं. तळहातावर काळा डाग राहिला आणि दोन बोटं सरळ व्हायची राहिली. इसाक आला, त्यानं खिळा उपटला, झिरी उकरली. इन्व्हर्टरच्या वायरीच्या लाल सालात खिळा नेमका घुसला होता. मल्लू ते बघून भिंतीला डोकं लावून रडला. नंतर त्यानं स्वतः सगळी वायर बाहेर काढली, पांढऱ्या पट्टीतून, नारिंगी भिंतीवर लांबून दिसेल अशी. इन्व्हर्टर विकला. प्रकाश कित्येक महिने दिंद्रुडला फिरकला नाही.

आम्हाला वाटलं, झालं, आता काकूंना कसली भीती? वायर डोळ्यापुढं आली, नात सुखरूप. पण काकू नातीला हात लावेनात.

आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग सुनीतानं एकदा बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला धरलं तर काकू घसटत घसटत पार कोपऱ्यात गेल्या. "न्हाई न्हाई, ने तिला, लांब ने!" सुनीता माझ्याकडं येऊन हमसून रडली. "आत्याबाई माझ्यावर रागावल्यात का ओ?" मी गेले विचारायला. काकूंनी काळ्या डागाचा तळहात माझ्यापुढं धरला.

"अंगात राह्यलाय ओ माझ्या."

"काय?"

"त्यो. करंट. रातच्याला मुंग्या येत्यात, कळतंय मला. गेला न्हाई त्यो सगळा."

डॉक्टरांनी समजावलं, असं काही राहत नसतं. "डॉक्टरला दिसतंय का?" काकू म्हणाल्या. इसाकनं टेस्टर आणून त्यांच्या हाताला लावून दाखवला, दिवा लागला नाही. त्यांनी मान हलवली आणि ऐकलं नाही. शेवटी मी चिडले. त्यांचा तो हात धरला, दोन्ही हातांत गच्च दाबला आणि म्हटलं, "बघा! काय झालं का मला?"

त्यांनी हात सोडवून घेतला. "तुमी मोठ्या हायेत, मास्तरीणबाई. तुमाला सोसतंय. लेकरू केवढं हाय."

नातीचं नाव ईश्वरी ठेवलं होतं. तिच्यासाठी काकू सगळं करायच्या. रात्र रात्र पाळण्याची दोरी ओढायच्या, दोरी सुती होती म्हणून. दूध गरम करून द्यायच्या, बोंडलं सुनीताच्या हातात. तिचं हसणं बघून हसायच्या, दोन हात अंतरावरून. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीचं डोकं फिरलं. मला तसं कधी वाटलं नाही. जिनं एक माणूस डोळ्यापुढं जाताना हात लावू न शकल्याचा चटका जन्मभर सोसला, तिला आता आपल्याच हाताची भीती वाटत होती. मला फार वाईट वाटायचं, आणि राग यायचा, कुणाचा ते सांगता येणार नाही.

ईश्वरी चालायला लागली त्या उन्हाळ्यात आमची बदली झाली, चकलांब्याला. टेम्पोत सामान चढलं. मल्लू, सुनीता सगळे निरोपाला आले. सुनीतानं ओटी भरली. काकू दुकानातून येताना दिसल्या, ईश्वरीला घेऊन. घेऊन म्हणजे कसं सांगू? काकूंच्या हातात लाटणं होतं, चांगलं वाळलेलं लाकडी लाटणं. एक टोक त्यांनी धरलेलं, दुसरं टोक पोरीच्या मुठीत. अशा दोघी लाटण्याच्या दोन टोकांना धरून गल्लीतून हळूहळू येत होत्या. पोरगी सवयीनं चालत होती. तिला बहुतेक वाटत असावं, आजीचा हात असाच असतो.

टेम्पोजवळ आल्या आणि दगडाला पाय अडखळून ईश्वरी पडली. गुडघा खरचटला असेल. तिनं मोठ्ठं भोकाड पसरलं, बसल्या जागी दोन्ही हात वर केले, उचल म्हणून.

"काकू, उचला की ओ तिला!" मी टेम्पोतून ओरडले. सुनीता पुढं व्हायला निघाली, तिला मल्लूनं हातानं थांबवलं. आम्ही सगळेच श्वास धरून उभे.

काकू वाकल्या. दोन्ही हात पुढं झाले, पोरीच्या काखेपर्यंत गेले. तिथंच थांबले. मग त्यांनी हात मागं घेतले, खाली पडलेलं लाटणं उचललं, पदरानं पुसलं आणि त्याचं टोक पोरीच्या मुठीशी नेलं.

पोरीनं रडता रडता ते धरलं आणि उठली.